कोचसाहेबांनी घेतलेला काढा

आईचा एक नियम होता. क्लबात नवा कोच आला की पहिले सहा महिने त्याला जेवायला बोलवायचं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "उगाच जीव लागतो, आणि मग त्याला काढून टाकतात." तिचं काही चुकत नव्हतं. बाबा सौदीतल्या हुफूफच्या एका फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट होते आणि त्या क्लबात कोच टिकत नसत. ओळीने काही मॅच हरल्या की रईस, म्हणजे क्लबचे अध्यक्ष, नवा माणूस आणत. ब्राझीलचा एक आला, ट्युनिशियाचा एक आला, रुमानियाचा एक आला तो तर बॅगा उघडायच्या आत परत गेला. बाबा मात्र सगळ्यांना पुरून उरले. कोच कोणीही असो, गुडघे आणि मांड्या दुखायच्या त्या दुखतातच, असं ते म्हणायचे. नाशिकची आमची मंडळी त्यांना "अरबांचा मालिशवाला" म्हणून चिडवायची. बाबा हसायचे. आई हसायची नाही. फोन ठेवल्यावर तासभर भांडी जोरात आपटत राहायची.

कोचसाहेब हा नियम मोडून आमच्या घरात शिरले ते स्वतःच्या गुडघ्यामुळे. नाव वाउटर, देश हॉलंड, आणि उंची इतकी की आमच्या स्वयंपाकघराच्या दारात त्यांना मान तिरकी करावी लागे. क्लबात सगळे त्यांना "मिस्टर" म्हणत, तिकडे परदेशी कोचला तसंच म्हणतात. आई सुरुवातीला तसंच म्हणायची. एकदा मावशीचा फोन आला तेव्हा म्हणाली, "ताई, ठेवते गं, मिस्टर आलेत, वाढायचंय." मावशी म्हणाली, "अगं मग त्यात सांगण्यासारखं काय? रोजच येत असतील ना?" त्या दिवसापासून त्यांचे कोचसाहेब झाले. त्यांचा उजवा गुडघा कायमचा गेलेला होता. क्लबात, खेळाडूंच्या देखत, टेबलावर आडवं पडून शेक घ्यायची त्यांना लाज वाटायची, म्हणून संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे आणि हॉलमधल्या दिवाणावर पाय पसरून पडायचे. बाबा मशीन लावायचे आणि मी त्याच खोलीत अभ्यास करायचे, कारण घरातला धड चालणारा एसी तेवढा एकच होता. तो चालू असला की ट्रॅक्टर उभा केल्यासारखा आवाज यायचा, आणि मधेच बंद पडला की मागच्या खजुराच्या बागेतले पंप ऐकू यायचे.

हॉलंडमध्ये म्हणे संध्याकाळी सहाला जेवतात. सहा म्हणजे सहा. आम्ही नऊच्या आत कधी पानावर बसलो नव्हतो. "सहाला कोण जेवतं? आजारी माणसं," आई म्हणाली खरी, पण समोर माणूस उपाशी बसलेला तिला बघवेना. तिने पान वाढलं. तिथल्याच हस्सावी तांबड्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, कढी. कोचसाहेब सावकाश जेवले आणि इंग्रजीत म्हणाले, "भाजी चांगली आहे. कढी चांगली नाही, फार आंबट आहे." बाबांना ठसका लागला. आमच्या घरी आजवर जेवायला आलेल्या माणसाने असं कधी म्हटलं नव्हतं, मग कढी कशीही असो. आई दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी मुद्दाम कढीच केली, ताक गोडं घेतलं, आणि वाढून समोर उभी राहिली. "आता बरी आहे," कोचसाहेब म्हणाले. तेव्हापासून स्वयंपाकाच्या बाबतीत आईचा विश्वास फक्त त्यांच्यावर. बाबांना ती सरळ सांगायची, "तुम्हाला विचारून काय उपयोग? तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता."

शेक घेता घेता त्यांनी त्यांचं आयुष्य सांगितलं, तुकड्यातुकड्याने, जसं आठवेल तसं. वडिलांची टोमॅटोची काचघरं होती. पोरगा त्या काचघरांच्या मधल्या बोळात बॉल खेळायचा, आणि बॉल कमरेच्या वर गेला की काच फुटायची, काच फुटली की पाठ फुटायची. म्हणून तो बॉल जमिनीलगत मारायला शिकला. पुढे मोठा फॉरवर्ड झाल्यावर पेपरवाले त्याबद्दल लिहायचे, या माणसाचा गोल नेहमी गवतावरून जातो म्हणून. कोणाला काय माहीत, ते सगळं टोमॅटोच्या भीतीने आलेलं होतं. हुफूफला आल्यावर त्यांना अरबी फार काही आलं नाही, पण 'तहत', म्हणजे खाली, हा शब्द त्यांनी पहिल्या दिवशी विचारून घेतला, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून ते दिवसभर "तहत, तहत" ओरडत. देशाची नारिंगी जर्सी त्यांनी दोनदा घातली, त्यातली एकदा शेवटची काही मिनिटं. "मी चांगला खेळाडू होतो. फार मोठा नव्हतो," ते म्हणायचे. आमच्या नात्यात यातलं पहिलं वाक्य कोणी बोललं नसतं, आणि बोललंच असतं तर दुसरं बोललं नसतं.

गुडघ्याची हकीकत त्यांनी एकदाच सांगितली. ऐन उमेदीत असताना फायनलच्या सकाळी गुडघा सुजला होता. क्लबच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. "मी विचारलं नाही, यात काय आहे. मला खेळायचं होतं." ते खेळले, गोलही केला, कप उंचावतानाचा फोटोही आहे. दुखत नव्हतं म्हणून पळत राहिले आणि आतलं सगळं फाटत गेलं. त्यानंतर ते फॉरवर्ड म्हणून उभे राहिलेच नाहीत. आधी मुलांना शिकवलं, मग छोट्या क्लबांचे कोच झाले. बेल्जियम झालं, सायप्रस झालं, ओमान झालं. कुठून कुठून काढलं हे ते आपल्याकडची सरकारी माणसं बदल्यांची गावं सांगतात तसं सांगत. पण त्या इंजेक्शनावरून त्यांनी एक नियम केला होता आणि तो पहिल्याच दिवशी बाबांना ऐकवला होता. खेळाडूने फिजिओला विचारल्याशिवाय डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायची नाही. आणि फिजिओने कोचला न सांगता खेळाडूच्या पोटात काही घातलं, तर तो फिजिओ त्याच दिवशी घरी जाईल. घरी म्हणजे आमच्यासाठी नाशिक. क्लब बाबांचा कफील, म्हणजे हमीदार होता, आणि इकामा, म्हणजे राहायचा परवाना, क्लबाच्या नावावर. क्लबाने नको म्हटलं की फायनल एक्झिट, कायमची रवानगी, आणि मी दहावीत होते.

त्या वर्षी थंडी चांगलीच पडली होती. अल-अहसाचा, म्हणजे आमच्या त्या भागाचा हिवाळा कोरडा, पहाटे बोचरा, आणि आला की घरोघरी नाकं वाहायला लागतात. नाशिकला आईचे सख्खे मामा वैद्य होते. अबकैकला तेलाच्या प्लांटवर काम करणारे आमचे कुलकर्णी काका सुट्टीवरून परतले, तेव्हा मामांनी त्यांच्याबरोबर सर्दीचं चूर्ण पाठवलं होतं. खाकी पुडकं, वर नुसतं 'सर्दी-पडसं' लिहिलेलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कोचसाहेब येताना सालेमला बरोबर घेऊन आले. सालेम आमच्या टीमचा फॉरवर्ड, वय बावीस, घरची खजुराची बाग. कोचसाहेबांचा त्याच्यावर फार जीव. हा पोरगा तसाच जमिनीलगत मारतो, म्हणायचे. पण त्या दिवशी पोराचं नाक चोंदलेलं, डोळे लाल, आणि परवावर मॅच. तो आईला 'उम् गौरी' म्हणायचा, म्हणजे गौरीची आई, तिकडे बाईला तशीच हाक मारतात. उम् गौरीने त्याचा खोकला ऐकला आणि विचारपूस वगैरे न करता गॅसवर पातेलं ठेवलं.

बाबा आतल्या खोलीत मशीनच्या वायरी सोडवत बसले होते. आईने आलं, तुळस, गूळ घालून काढा उकळला आणि त्यात मामांच्या चूर्णाचा चांगला सढळ चमचा टाकला. एक पेला सालेमला, एक कोचसाहेबांना, कारण ते शिंकले होते. कोचसाहेबांनी पेला हातात घेऊन विचारलं, "यात काय आहे?" आई म्हणाली, "जिंजर." खोटं नव्हतं ते. आपल्याकडे काढ्यात काय काय आहे याची यादी कोणी वाचून दाखवतं का? आलं म्हटलं की झालं. कोचसाहेबांनी मान डोलावली आणि तोंड वाकडं करत पिऊन टाकला. सालेमला तो घशाखाली उतरत नव्हता हे मला दिसत होतं, पण दुसऱ्याच्या घरचं नाही म्हणणं त्याच्याही घरी शिकवलेलं नव्हतं. आईने विचारलं, "आणखी?" तर त्याने दुसराही पेला घेतला. बाबा मशीन घेऊन बाहेर आले तोवर पेले मोरीत गेले होते.

मॅच आम्ही दोघींनी टीव्हीवर पाहिली. तेव्हा बायकांना स्टेडियममध्ये जाता येत नव्हतं. आता मी दम्मामला शाळेत शिकवते आणि माझ्या लेकीला घेऊन मॅचला जाते. ती शेजारी बसून पॉपकॉर्न खाते, मला इंग्रजीत उत्तरं देते, आणि पूर्वी असं नव्हतं म्हटलं की "मम्मा, प्लीज" म्हणते. असो. सालेमने त्या दिवशी दोन गोल केले, दोन्ही गवतावरून. आई सोफ्यावरून उठून उभी राहिली होती आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं. संध्याकाळी बाबा खुशीत घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "सालेमला डोप टेस्टला बसवलं. चिठ्ठी काढतात, कोणाचंही नाव येतं. बाटलीभर लघवी होईना म्हणून बिचारा किती वेळ पाणी पीत बसला होता. काही औषध घेतलंयस का विचारलं, तर नाही म्हणाला." आई पोळ्या लाटत होती. लाटतालाटताच म्हणाली, "औषध कशाला? मामांच्या चूर्णाचा काढा दिला होता मी. म्हणून तर पळाला एवढा."

बाबांनी कप खाली ठेवला. "कसलं चूर्ण?"

"सर्दीचं. कुलकर्णी घेऊन आले ते."

"सालेमला दिलंस? कधी?"

"परवा. तुम्ही आत होतात. कोचसाहेबांनाही दिलं."

"मग त्याने सांगितलं कसं नाही? मी स्वतः विचारलं त्याला, औषध घेतलंस का म्हणून."

"तो नाहीच म्हणणार," आई म्हणाली. "ते औषध कुठे होतं? काढा होता."

आणि ती अगदी मनापासून म्हणत होती. आजही तिला विचारा, ती तेच सांगेल. बाबांनी पुडकं मागितलं, उघडून हुंगलं, बोटावर घेऊन चाटलं, आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. सर्दी-दम्याच्या काही चूर्णांमध्ये अशी एक वनस्पती असते की तिने श्वास मोकळा होतो, पण काळीजही धावायला लागतं. खेळाडूंना ती बंद आहे. लघवीत सापडली तर सालेमवर दोन वर्षांची बंदी येईल, आणि चढत्या वयातली दोन वर्षं गेली की फॉरवर्ड परत उभा राहत नाही. क्लबाची बदनामी होईल ती वेगळीच. आणि ज्या फिजिओच्या घरात हे झालं त्याला पुन्हा कुठलाही क्लब दारात उभं करणार नाही, ना इथे ना भारतात. आईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं होतं. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आल्यावर मीच गॅस बंद केला.

लगेच नाशिकला फोन लावला. मामांनी आधी खुशाली विचारली, मग हवामान विचारलं. आईने सरळ विचारलं, चूर्णात काय काय आहे. मामा म्हणाले, "का गं? गुण आला नाही का?" तिने सगळं सांगितलं. मग त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली, सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, अडुळसा, तालीसपत्र, आणि बाबा शेजारी बसून प्रत्येक नावाला बोटाने हवेत बरोबरची खूण करत होते. शेवटी मामा म्हणाले, "आणि एक वस्तू आहे, ती मी सांगत नसतो. आमच्या घराण्याची आहे." आई म्हणाली, "मामा, फोनवर आहे, कोण ऐकतंय?" मामा म्हणाले, "त्याचा प्रश्न नाही. वडिलांना शब्द दिलाय. पण काळजी करू नकोस, त्याने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही." तेव्हा आईचा जो आवाज चढला तो मी पहिल्यांदाच ऐकला. "इथे माझा संसार उठायची वेळ आलीय आणि तुम्ही मला घराणं सांगताय?" मामांनी नाव सांगितलं नाही ते नाहीच. आईने फोन आपटला. तिच्या माहेरी मामांचा फोन आपटण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ती वस्तू काय होती हे मला अजून माहीत नाही. मामा गेले. त्यांचा मुलगा एमबीए होऊन बँकेत लागला, त्यालाही माहीत नाही.

आता कोचसाहेबांना सांगायचं कसं? बाबांचा स्वभाव असा की कटू बोलायची वेळ आली की ते "बघू" म्हणतात. "बघू. कदाचित काही निघणारही नाही. रिपोर्ट तर येऊ दे," ते म्हणाले. आई म्हणाली, "बघू नाही. तो माणूस माझ्या हातचं जेवतो आणि कढी आंबट झाली तर तोंडावर सांगतो. त्याच्यापासून मी लपवणार नाही. शुक्रवारी येतील तेव्हा मीच सांगते." तिचं इंग्रजी जिंजरपाशी संपत होतं. म्हणून ती मराठीत बोलणार आणि मी इंग्रजीत सांगणार असं ठरलं. बाबांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मशिदीतली नमाज सुटल्यावर कोचसाहेब आले. आईने पान मांडलं होतं, भात वाढला होता, पण ती म्हणाली, "गौरी, त्यांना सांग, आधी ऐका आणि मग जेवा." मी सांगितलं. ती एकेक वाक्य बोलत गेली आणि मी एकेक वाक्य पलीकडे पोचवत गेले. इंग्रजीच्या परीक्षेत मला इतका घाम कधी फुटला नव्हता. चूर्ण कुठून आलं, त्यात काय आहे, एक वस्तू काय आहे ते कळत नाही, का कळत नाही. कोचसाहेबांना सगळं समजलं, पण तेवढं समजेना. "सख्खा मामा आहे आणि सांगत नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मग आईकडे बघून म्हणाले, "मी विचारलं होतं, यात काय आहे."

"हो, विचारलं होतं," आई म्हणाली.

"तुम्ही आलं म्हणालात."

"आलं होतंच," आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना नीट सांग. बाकीचं सांगितलं नाही ही चूक माझी आहे. यांना काहीही माहीत नव्हतं. घालवायचंच असेल तर आम्हाला घालवा, पण यांनी फसवलं असं मनात ठेवू नका."

मी तेही सांगितलं. कोचसाहेबांनी गाडीची किल्ली उचलली, बाबांना म्हणाले, "सकाळी आठ वाजता क्लबात या," आणि न जेवता निघून गेले. वाढलेला भात तसाच राहिला. आमच्या घरातून माणूस वाढल्या पानावरून उठून गेला होता, आणि आईला बाकी कशापेक्षाही तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते बाबांनी घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना मधेच थांबून पाणी प्यायले. कोचसाहेब त्यांना आधी रईसांकडे घेऊन गेले. रईसांनी ऐकलं आणि हात झटकले. "यात विचार कसला? फिजिओला आजच विमानात बसवा. चूक त्याची, क्लब मोकळा. खलास." बाबा म्हणाले, "मला वाटलं, आता कोचसाहेब मान हलवणार. नियम त्यांचाच होता." पण कोचसाहेब म्हणाले, "याने काही दिलेलं नाही. सालेम माझ्यासमोर प्यायला. मी स्वतः प्यायलो. एक प्रश्न विचारला आणि अर्ध्या उत्तरावर गप्प बसलो. पंचवीस वर्षांपूर्वी तेवढाही विचारला नव्हता. रिपोर्ट येईपर्यंत हा इथेच राहील. रिपोर्ट वाईट आला तर आम्ही दोघं एकाच दिवशी जाऊ." रईसांनी चहा मागवला, म्हणजे विषय तात्पुरता मिटला. मग कोचसाहेबांनी बाबांना तपासणीवाल्यांच्या ऑफिसात नेलं आणि सगळं आपणहून सांगायला लावलं, चूर्णाचा नमुनाही देऊन टाकला. बाबांनी एकदाच म्हणून पाहिलं, की सर, थोडं बघू या का. कोचसाहेब म्हणाले, "नाही. आत्ता."

नंतरचे आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. कोचसाहेब यायचे बंद झाले. बाबांना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की निकाल लागेपर्यंत तुमच्या घरी जेवणं बरोबर दिसणार नाही. गुडघ्याचा शेक ते क्लबात, सगळ्यांच्या देखत घ्यायला लागले. सहा वाजले की आई घड्याळाकडे बघायची आणि मग उगाच ओटा पुसायची. चहात आलं घालणंसुद्धा तिने सोडलं. कुलकर्णी काकू अबकैकहून फोन करून म्हणाल्या, "अहो, आल्याने काय होतंय?" आई म्हणाली, "मला नको आता कशाचीच खात्री." बाबा पानावर बसायचे, भाकरीचा एक तुकडा मोडायचे आणि ताट सरकवून उठायचे. फोन वाजला की तिघंही जागच्या जागी थांबायचो, आणि तो बहुतेक वेळा पाण्याच्या टँकरवाल्याचा असायचा. सालेमला कोचसाहेबांनी मॅचमध्ये उतरवलं नाही. टीम एक मॅच हरली, मग दुसरी हरली, आणि लोक कोचच्या नावाने खडे फोडायला लागले. पोराला मात्र आमचा राग नव्हता. त्याने बाबांजवळ निरोप पाठवला, "उम् गौरीला सांगा, माझी सर्दी त्याच दिवशी गेली." आईने तो निरोप ऐकला आणि पदर डोळ्याला लावला. एक दिवस मी शाळेतून आले तर ती माळ्यावरच्या बॅगा काढून पुसत होती. धूळ बसली होती, म्हणाली. मी दप्तर टाकलं आणि तिच्याबरोबर पुसायला बसले.

मग एक दिवस शाळेला सुट्टी होती. बाबा एका खेळाडूचा स्कॅन करायला त्याला घेऊन दम्मामला गेले होते, आणि हॉस्पिटलमध्ये असले की ते मोबाइल बंद ठेवायचे. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बाहेर गाडी थांबली. बाबा घरात नसताना कोचसाहेब कधी आले नव्हते. आईने दार उघडलं. ते उन्हात उभे होते, चेहरा लालबुंद, आणि धापा टाकत होते. गाडीपासून दारापर्यंत बहुतेक त्या गुडघ्यावर पळत आले असावेत. ते म्हणाले, "क्लीन. सालेम क्लीन. चूर्णही क्लीन."

मला भाषांतर करावं लागलं नाही. आई दारातच खाली बसली आणि रडायला लागली. लहान मूल रडतं तसं, आवाज काढून, तोंड न झाकता. मीही रडले. कोचसाहेबांना काय करावं ते कळेना. हात पुढे करत आणि मागे घेत ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. शेवटी मला म्हणाले, "आईला सांग, मला भूक लागली आहे." मी सांगितलं. आई रडता रडताच हसायला लागली, नाक पुसलं, उठली आणि म्हणाली, "आत या म्हणावं. उन्हात काय उभे राहिलात?"

तिने काय वाढलं तिचं तिला ठाऊक नव्हतं. वरण, भात, सकाळची कोबीची भाजी, लोणचं, तूप, आणि परत तूप. कोचसाहेब जेवायला लागले. दोन घास खाऊन म्हणाले, "वरण खारट आहे." आई मराठीत म्हणाली, "असू दे. खा गुपचूप." आणि त्यांना ते कळलं, कारण ते खाली मान घालून खाऊ लागले. पुढे त्याच मोसमाच्या शेवटी क्लबाने त्यांना काढलंच, पण ते मॅच हरल्यामुळे, काढ्यामुळे नाही, आणि हा फरक ते अजूनही फोनवर आवर्जून सांगतात. आता आपल्या गावी परत गेलेत, लहान पोरांना शिकवतात, गुडघा बदलून घेतलाय. पण त्या दुपारी ते आमच्या हॉलमध्ये, पाय लांब सोडून, तिसऱ्यांदा भात घेत होते, आई वाढत होती, आणि बाबांना अजून काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना चारदा फोन लावला. बंद.

मग दाराशी बाबांच्या गाडीचा आवाज आला. बाहेर कोचसाहेबांची गाडी उभी आहे हे त्यांना दिसलं असणार, कारण इंजिन बंद झाल्यावर बराच वेळ दार उघडल्याचा आवाज आला नाही. मी उठून बाहेर पळणार होते, पण आईने माझा हात धरला. शेवटी ते आत आले. चेहरा पांढराफटक पडलेला, हातात स्कॅनचा लिफाफा. दारात थांबून त्यांनी कोचसाहेबांकडे पाहिलं, त्यांच्या ताटाकडे पाहिलं, ताटातल्या भाताकडे, आणि मग आईच्या हातातल्या डावाकडे. कोचसाहेबांचं तोंड भरलेलं होतं, त्यांनी नुसती मान हलवली. बाबांनी लिफाफा टीव्हीवर ठेवला, आत जाऊन हात धुतले, बाहेर येऊन कोचसाहेबांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मलाही वाढ."